नेटबॉलच्या मुलींना आधी पगार द्या, मग पदक मागा

मा. पी. टी. उषा मॅडम,
अध्यक्ष, भारतीय ऑलिंपिक संघटना
आणि भारतीय नेटबॉल महासंघाचे सर्व पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोच्या सभेत पक्कं झालं. त्या स्पर्धांमध्ये नक्की असणाऱ्या खेळांची जी पहिली यादी आली, तिच्यात नेटबॉल आहे. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत क्रीडा शिक्षिका आहे. मुलींना नेटबॉल शिकवते. बातमी वाचून आनंद झालाच, पण त्यापाठोपाठ एक धास्तीही वाटली. तिच्यासाठी हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण हा विषय माझ्या एकटीच्या शाळेचा नाही.

धास्ती अशी की २०२९ उजाडेल, यजमान म्हणून संघ उतरवायचा आहे हे कुणाच्या तरी लक्षात येईल, घाईघाईत निवड चाचणी होईल, दोन-तीन महिन्यांचं शिबिर लागेल. मुलींच्या अंगावर निळा ट्रॅकसूट चढेल. ऑस्ट्रेलिया-जमैकासमोर त्या भरभरून गोल खातील, आणि स्पर्धा आटोपली की तोच ट्रॅकसूट घेऊन आपापल्या घरी जातील. पुढे त्यांचं काय झालं हे कुणी विचारणार नाही.

म्हणून माझं मागणं आधीच सांगून टाकते. २०३० चा संघ ज्या मुलींमधून निवडायचा त्या मुली आत्ताच हेरा, त्यांना नोकरी द्या किंवा करार द्या, दरमहा पगार द्या, आणि स्पर्धेपर्यंत त्यांना नेटबॉल खेळू द्या. मैदान, प्रशिक्षक, परदेश दौरे ही सगळी मागणी त्याच्या नंतरची. ज्या मुलीच्या घरी तिच्या खेळण्याने महिन्याला काही येत नाही, ती मुलगी बारावीनंतर मैदानावर दिसत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याबद्दल मला जराही शंका उरलेली नाही.

दिल्लीत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा एक संधी आपल्या हातात येऊन गेली. त्यागराज क्रीडा संकुलात नेटबॉलचे सामने झाले. अंतिम फेरीत न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ६६-६४ असं हरवलं. सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि शेवटी मारिया तुतायाच्या गोलवर संपला. नेटबॉलवाले आजही त्या सामन्याची आठवण काढतात. तो आपल्या राजधानीत झाला, आणि आपल्या देशात तो किती जणांना माहीत आहे? त्या स्पर्धेत भारताचाही संघ होता. कर्णधार होती प्राची तेहलान, दिल्लीची, त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांची. पुढच्या वर्षी तिच्याच नेतृत्वाखाली दक्षिण आशियाई बीच स्पर्धेत आपल्याला रौप्यपदक मिळालं. आज लोक तिला ओळखतात ते मालिका आणि सिनेमांमुळे. ती त्या क्षेत्रात गेली याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, तिने नाव कमावलं. मला बोचतं ते वेगळंच आहे. नेटबॉलमध्ये शूटर किंवा डिफेंडर पंचविशीनंतर खऱ्या अर्थाने तयार होते. सतराव्या वर्षी देशाची कर्णधार झालेल्या मुलीला पंचविशीपर्यंत या खेळात राहावंसं वाटेल असं आपण तिच्यापुढे काय ठेवलं होतं?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सात जणींचा संघ. तीन भागांत विभागलेलं साडेतीस मीटर लांब मैदान. प्रत्येकीच्या छातीवर तिच्या जागेची अक्षरं, आणि त्या जागेला जेवढा भाग नेमून दिलाय तेवढ्यातच तिने खेळायचं. गोल मारायचा अधिकार फक्त दोघींना, गोल शूटर आणि गोल अटॅक. खांब बास्केटबॉलइतकाच उंच, पण मागे फळी नाही, त्यामुळे चेंडू आपटून आत जाण्याची सोय नाही. चेंडू टप्पे मारत न्यायचा नाही, आणि हातात आल्यावर तीन सेकंदांत पुढे गेलाच पाहिजे. सगळ्यात अवघड म्हणजे पायांचा नियम. धावत येऊन, उडी मारून चेंडू पकडला की जो पाय आधी टेकला तो तुमचा पाय. दुसरा पाय टाकता येतो, पहिला उचलताही येतो, पण चेंडू सुटायच्या आधी तो परत जमिनीला लागता कामा नये.

म्हणजे पूर्ण वेगात असलेली मुलगी हवेतून येते आणि एका पायावर जागच्या जागी थांबते. अंगाचा सगळा भार, सगळा वेग त्या एका गुडघ्यात उतरतो. त्याच क्षणी धड वळवून तिला पास टाकायचा असतो. पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि मांडी वळलेली, अशा वेळी गुडघ्याच्या आतलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटतं. ते एकदा तुटलं की बहुतेक वेळा शस्त्रक्रिया आणि जवळपास वर्षभर मैदानाबाहेर. ऑस्ट्रेलियात या दुखापती टाळण्यासाठी उतरण्याचा, थांबण्याचा, मांडीचे स्नायू तयार करण्याचा एक वेगळा सराव शाळकरी मुलींपासून शिकवला जातो. आमच्याकडे मुली कुठे उतरतात? व्हॉलीबॉलच्या खांबाला लोहाराकडून रिंग लावून घेतलेली, फक्कीने रेषा मारलेल्या, खाली मुरूम. पाऊस झाला की चिखल, उन्हाळ्यात खडे. बूट बहुतेक मोठ्या बहिणीचे. मी त्यांना उतरताना गुडघा वाकवायला शिकवते, गुडघा आणि पायाचा अंगठा एका रेषेत ठेवायला शिकवते. त्यापुढे माझ्या हातात काही नाही.

माझ्याकडे एक गोल शूटर होती. नाव लिहीत नाही. पावणेसहा फूट उंची, गावात तिला येता-जाता उंचीवरून बोलणी खावी लागायची. बापाची शेतमजुरी. खांबाखाली उभी राहिली की तिचा चेहराच बदलायचा. डोक्याच्या वर चेंडू धरायचा, समोरची डिफेंडर तीन फुटांवरून हात पसरून झुकलेली, आणि ही गुडघ्यातून किंचित वाकून मनगट सोडायची. चेंडू रिंगला न लागता खाली यायचा. जिल्हा झालं, विभाग झालं, राज्यापर्यंत ती खेळली. दहावीला तिला क्रीडा गुण मिळाले. बारावीनंतर तिने नेटबॉल सोडला. आता ती पहाटे उठून पोलीस भरतीसाठी ८०० मीटर पळते, १०० मीटर पळते, गोळा फेकते. भरतीच्या मैदानी चाचणीत तेवढंच असतं. तिचं काहीही चुकलेलं नाही. घरात शिपायाचा पगार आला तर धाकट्या भावंडांचं शिक्षण होईल. पण तिचं ते मनगट या देशाच्या कामाला आलं नाही, याची हळहळ मला आयुष्यभर राहील.

लोक म्हणतात नेटबॉल हा सर्टिफिकेटचा खेळ आहे. क्रीडा गुणांसाठी आणि पाच टक्के आरक्षणासाठी मुलं खेळतात, पुढे सोडून देतात. खरं आहे ते. पण कबड्डी खेळणारी मुलगीही नोकरीच बघते, कुस्ती खेळणारा मुलगाही. फरक एवढाच की त्यांच्यापुढे प्रमाणपत्राच्या पलीकडे काहीतरी आहे. आमच्या मुलींपुढे प्रमाणपत्रावर रस्ता संपतो.

आता जगात या खेळातून पोट कसं भरलं जातं ते पाहू. ऑस्ट्रेलियासारख्या देशातही नेटबॉलपटूला पगार ही गोष्ट फार जुनी नाही. लिझ एलिस ही त्यांची मोठी डिफेंडर आणि कर्णधार, २००७ चं विश्वविजेतेपद जिंकून १२२ आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर थांबली. खेळत असताना ती वकिली करत होती. बाकीच्या कुणी शिक्षिका, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी दुकानात. दिवसभर काम, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी सामने. देशभर लाखो मुली खेळतात अशा खेळाची ही अवस्था होती. २०१७ मध्ये सुपर नेटबॉल ही आठ संघांची नवी लीग सुरू झाली. तोवर खेळाडूचा किमान वार्षिक पगार १३,२५० ऑस्ट्रेलियन डॉलर होता, तो २७,३७५ झाला. सरासरी ६७,५०० डॉलरच्या आसपास गेली. त्याच करारात आणखी दोन गोष्टी होत्या, आणि मला त्या पगाराच्या आकड्याहून मोलाच्या वाटतात. दुखापत झाली किंवा गरोदरपण आलं तर दोन वर्षांपर्यंत पूर्ण उत्पन्नाचं संरक्षण. आणि तान्ह्या बाळाला घेऊन दौऱ्यावर जायचं तर बाळाचा आणि त्याला सांभाळणाऱ्याचा खर्च संघाकडून.

म्हणून तिथे सगळं सुखाचं आहे असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ६१-४५ असं हरवून विश्वचषक जिंकला. सप्टेंबरअखेर खेळाडूंचे करार संपले आणि पुढच्या करारावर बोलणी फिसकटली. सुपर नेटबॉलच्या खेळाडू दोन महिन्यांहून जास्त काळ बिनपगारी राहिल्या. त्यात नुकत्याच जगज्जेत्या झालेल्या मुलीही होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्या खेळावर येणाऱ्या प्रायोजकांच्या पैशात आमचा वाटा असला पाहिजे. डिसेंबरमध्ये तोडगा निघाला आणि महसुलातला वाटा तत्त्वतः मान्य झाला. जगज्जेत्या मुलींनाही पगारासाठी अडून बसावं लागतं, तर आमच्या मुलींच्या वतीने कुणीतरी आधीच बोललेलं बरं.

तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रेलियाचा दाखला आपल्याला काय कामाचा, त्यांच्याकडे पैसा आहे. मग शेजारी पाहा.

श्रीलंकेची थर्जिनी शिवलिंगम. जाफनाकडची तमीळ मुलगी, तिचं लहानपण यादवी युद्धात गेलं. उंची सहा फूट दहा इंच. आपल्याकडे अशी मुलगी गावात जन्माला आली असती तर आईबापांना पहिली काळजी तिच्या लग्नाची पडली असती. तिथे तिला नेटबॉल मिळाला. २००९ मध्ये श्रीलंका आशियाई विजेती झाली त्यात ती होती. २०११ च्या सिंगापूरच्या विश्वचषकात ती सर्वोत्तम शूटर ठरली. मेलबर्नच्या क्लबमधून खेळली. काही काळ राष्ट्रीय संघापासून दूर होती, २०१८ मध्ये परत आली आणि श्रीलंकेने पुन्हा आशियाई विजेतेपद घेतलं. २०१९ च्या लिव्हरपूलच्या विश्वचषकात श्रीलंकेचा संघ तळाजवळ राहिला, तरी सर्वाधिक गोल तिचेच होते. २०२२ मध्ये पुन्हा आशियाई विजेतेपद, श्रीलंकेचं सहावं. केपटाऊनचा विश्वचषक खेळून ती थांबली. जवळपास वीस वर्षांची कारकीर्द.

हे कशाच्या जोरावर झालं? तिची उंची ही देवाची देणगी, पण उंच मुली आपल्याकडेही आहेत. कोलंबोत बँका आणि कंपन्यांचे नेटबॉल संघ आहेत, त्यांच्या आपसांतल्या मर्कंटाइल स्पर्धा वर्षानुवर्षं चालतात. थर्जिनी सेलान बँकेकडून खेळायची. बँकेत नोकरी, बँकेच्या संघात खेळ, आणि देशाकडून बोलावणं आलं की राष्ट्रीय शिबिर. लीग नाही, लिलाव नाही, टीव्हीचे कोट्यवधी रुपये नाहीत. पगाराची एक साधी नोकरी आहे आणि त्या नोकरीला खेळाची अडचण होत नाही. त्याच्या बळावर आपल्याहून कितीतरी लहान देश सहा वेळा आशियाचा विजेता होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूला आशियाई स्पर्धा झाली, अंतिम सामना सिंगापूर आणि श्रीलंकेत झाला, सिंगापूरने ६७-६४ असा जिंकला. यजमान आपण होतो. अंतिम फेरीत आपण नव्हतो.

मॅडम, हा मार्ग तुम्हाला मी सांगायची गरजच नाही. केरळ सरकारने कन्नूरला मुलींसाठी क्रीडा विभाग काढला नसता, प्रशिक्षक नंबियार सरांची नजर तुमच्यावर पडली नसती, तर पय्योलीची मुलगी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला पोचली नसती. १९८४ मध्ये तुमचं कांस्यपदक शतांश सेकंदाने गेलं तेव्हा मी अगदी लहान होते, पण आमच्या घरी मोठी माणसं त्यावर किती हळहळली होती ते मला पक्कं आठवतं. पुढे तुम्ही इतकी वर्षं पळू शकलात, आशियाई स्पर्धांमध्ये सुवर्णामागून सुवर्ण आणू शकलात, त्यात रेल्वेच्या नोकरीचा वाटा मोठा होता. तुमच्या पिढीतल्या कितीतरी मुली रेल्वेने सांभाळल्या. मिताली राजही रेल्वेतच होती. महिला क्रिकेटला पैसा मिळायच्या आधी कित्येक वर्षं रेल्वे पगार देत राहिली, म्हणून तो खेळ टिकला. आज सांगलीच्या स्मृती मानधनावर २०२३ च्या लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागते, त्यामागे त्या बिनबोलीच्या वर्षांची पुण्याई आहे.

मुंबईच्या कबड्डीचंही तसंच. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली. त्याआधी कित्येक दशकं महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे अशा संघांनी व्यावसायिक गटाच्या स्पर्धा जागत्या ठेवल्या. चाळीतला मुलगा चढाया चांगल्या करतो म्हणून कंपनीत चिकटायचा आणि त्याच्या मागे दहा मुलं मैदानात उतरायची. कबड्डी तरी कुठे ऑलिंपिकमध्ये आहे? खो-खोही नाही. तरी जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी तो जिंकला आणि कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नेटबॉलची गोष्ट काढली की एक उत्तर ठरलेलं येतं: ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे ऑलिंपिक पदकाच्या तयारीसाठी खेळाडूंना मदत देणाऱ्या टॉप्ससारख्या सरकारी योजनेत बसत नाही. बरोबर, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९५ मध्ये मान्यता देऊनही नेटबॉल आजवर ऑलिंपिकमध्ये खेळला गेलेला नाही. पण राष्ट्रकुलमध्ये तो १९९८ च्या क्वालालंपूरपासून सलग आहे. ग्लासगोने २०२६ साठी खर्च वाचवायला खेळ दहावर आणले, हॉकी गेली, बॅडमिंटन गेलं, कुस्ती गेली, क्रिकेट गेलं. नेटबॉल राहिला. राष्ट्रकुलचं यजमानपद आपण मागून घेतलं आहे. मग त्या स्पर्धांतला इतका पक्का खेळ आपल्या कुठल्याच योजनेत बसत नसेल तर योजना बदलली पाहिजे, किंवा त्याच्यासाठी वेगळी काढली पाहिजे.

२०३० ला पदक मिळेल असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड, जमैका यांच्यात चार वर्षांत शिरणं कठीण आहे, आणि खोटी आशा दाखवून मुलींच्या डोक्यावर ओझं टाकू नये. पण मालावी किंवा युगांडासारखे देश या खेळात जिथे पोचले आहेत तिथवर जाण्याचं ध्येय ठेवता येतं. त्यांच्याकडेही आपल्यासारखीच मातीची मैदानं आहेत.

पगाराचा विषय काढला की आणखी एक गोष्ट बोलावीच लागेल, ती म्हणजे लग्न आणि मूल. आमच्याकडे मुलीचा खेळ बहुतेक वेळा तिथेच थांबतो. जमैकाची जानील फाउलर ही आज जगातली सगळ्यात भारी शूटर मानली जाते. उंची १९८ सेंटिमीटर. विशीच्या उंबरठ्यावर असतानाच तिला मुलगी झाली. ती थांबली नाही. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिलला सदर्न स्टील या संघाकडून खेळायला गेली, २०१८ पासून सुपर नेटबॉलमधल्या पर्थच्या वेस्ट कोस्ट फीव्हर संघाकडून खेळू लागली, एकेका सामन्यात साठाच्या वर गोल करू लागली, आणि २०२२ मध्ये फीव्हर विजेते झाले. जमैकासारख्या उबदार बेटावरची बाई इन्व्हरकार्गिलच्या थंडीत जाऊन राहिली, कारण त्या पैशावर लेकीचं भवितव्य उभं होतं. न्यूझीलंडच्या केसी कोपुआचं २०१४ मध्ये गुडघ्याच्या वाटीखालचं टेंडन तुटलं. ती परत आली, मग आई झाली, मग पुन्हा परत आली आणि २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला ५२-५१ असं हरवणाऱ्या संघात होती. आमच्या मुलींच्या आया हे ऐकतात तेव्हा डोळे मोठे करून बघतात. बाळंतपणानंतर मैदानावर? कराराच्या कागदावर जर लिहिलेलं असेल की मूल झाल्यावर तुझी जागा आणि तुझा पगार शाबूत आहे, तर सासरची माणसंसुद्धा विचार करतील. निदान काही जणांकडे तरी विषय बोलता येईल. आज तो काढताही येत नाही.

मनाच्या आजाराबद्दलही लिहायला हवं. ऑस्ट्रेलियाची शार्नी लेटन २०१७ मध्ये थकून थांबली आणि मनाची अवस्था बरी नाही हे तिने जाहीर सांगितलं. घरापासून दूर, शिबिरात, रोज निवडीच्या टांगत्या तलवारीखाली राहणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीला बोलायला कुणीतरी जाणतं माणूस हवं. संघाबरोबर बाई फिजिओ आणि बाई समुपदेशक असावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

आता प्रत्यक्षात काय करता येईल? माझ्या मते तीसेक मुलींचा गट पुरे आहे. त्यात निम्म्या अठरा ते एकवीस वयाच्या असाव्यात, म्हणजे २०३० ला त्या ऐन भरात असतील. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, हँडबॉल खेळणाऱ्या उंच मुलींनाही चाचणीला बोलवा. प्राची तेहलान स्वतः बास्केटबॉलमधून आली होती. रेल्वे, सार्वजनिक बँका, पोलीस दलं, तेल कंपन्या यांना पत्र लिहून नेटबॉल खेळाडूंची भरती मागा. तुमच्या सहीच्या पत्राला जो मान मिळेल तो आमच्या शंभर निवेदनांना मिळत नाही. अशा चार-सहा संस्थांचे संघ उभे राहिले की त्यांच्या आपसांत स्पर्धा होतील, आणि मुलींना वर्षातून एका राष्ट्रीय स्पर्धेऐवजी पंधरा-वीस चांगले सामने मिळतील. सामने खेळूनच खेळाडू तयार होते. श्रीलंका आणि सिंगापूर जवळ आहेत, दौऱ्यांची सुरुवात तिथून करता येईल. शक्य झालं तर थर्जिनीसारखीला महिना-दोन महिने शूटरना शिकवायला बोलवा. खांबाखालची उभं राहण्याची पद्धत, डिफेंडर अंगावर आल्यावर चेंडू सोडायची वेळ, हे ज्याने केलंय त्याच्याकडूनच शिकावं लागतं. आम्ही शिक्षक व्हिडिओ बघून शिकवतो.

आणि गटातल्या प्रत्येक मुलीचं शिक्षण चालू राहिलं पाहिजे. मला हे आग्रहाने सांगायचं आहे. एका उडीत गुडघा गेला तर तिच्या हातात पदवी असावी. ज्या पालकांनी विश्वासाने मुलगी पाठवली त्यांना आम्हीच तोंड द्यायचं असतं.

निवडीबद्दल एक विनंती. निवड चाचणीची तारीख आणि ठिकाण किमान दोन महिने आधी महासंघाच्या संकेतस्थळावर जाहीर करा, आणि निवडलेल्या मुलींची यादी गुणांसकट लावा. आमच्यापर्यंत बातमी येते तेव्हा बहुधा चाचणी होऊन गेलेली असते. रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, पालकांची संमती, शाळेचं पत्र, वैद्यकीय दाखला यांत आठवडा जातो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या उंच, पळणाऱ्या, चिवट मुली अशाच यादीबाहेर राहतात.

माझ्या शाळेतल्या सध्याच्या नववी-दहावीच्या संघात दोघी अशा आहेत की त्यांना तुम्ही एकदा पाहावं. एक सेंटर आहे, चार डावभर न थकता पळते. दुसरी गोल कीपर, हात लांब, आणि चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळतं. २०३० ला त्या एकोणीस-वीस वर्षांच्या असतील. पहिली चाचणी कधी आणि कुठे आहे ते कळवावं. त्यांच्या घरच्यांशी बोलून, तिकिटाचे पैसे जमवून मी त्यांना स्वतः घेऊन येईन.

कळावे,
आपली नम्र,
एक क्रीडा शिक्षिका, विदर्भ